हाताची चव आणि बोटांची जादू

मैत्रिणींनो, आज तुम्हाला एक मंत्र सांगणार आहे. हा मंत्र म्हटला की समोरचा गार पदार्थ गरम होतो, गरम पदार्थ गार होतो आणि अळणी असेल तर त्याला हवी ती चव येते. सकाळच्या शिळ्या भाकरीला पुरणपोळीची गोडी, नाहीतर नुसत्या पेजेला केशरी खिरीची! अटी दोनच. एका वेळी फूटभर लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच एवढ्याच जिनसावर तो चालतो, आणि आणलेली चव टिकते फक्त तासभर. पण तासभर म्हणजे पंगत उठेपर्यंत पुरे की हो! पाहुणे दारात आणि भाजी बेचव, अशा वेळी हा मंत्र आपल्याला येत असता तर, असं तुमच्या मनात आलंच असेल.

हा मंत्र कुठल्या पोथीतला नाही, एका खेळातला आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत काढला. टेबलाभोवती चारपाच जण बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. पात्राचा डाव साधला की फसला, ते बऱ्याच बाजू असलेल्या फाशांवर ठरतं. शाळेत शिकवत असल्यामुळे मुलांच्या तोंडून असली नावं कानावर येतात, आणि एकदा आली की स्वस्थ बसवत नाही.

या खेळात वीज पाडणारे, माणसाला अदृश्य करणारे मोठमोठे मंत्र आहेत. त्यांच्यापुढे आपला हा चवीचा मंत्र अगदीच किरकोळ, नवशिक्या जादूगारालाही येणारा. मला मात्र तोच आवडला, तो त्याच्या नावासाठी. ‘प्रेस्टिडिजिटेशन’ असं त्याचं नाव आहे. उच्चारताना दात पडतील, पण अर्थ सोपा आहे: चपळ बोटं. आपल्या भाषेत सांगायचं तर हातचलाखी! म्हणजे मंत्राचं बारसं करणाऱ्यानेच गुपित फोडून ठेवलं आहे. चव बदलते ती बोटांनी.

आता बोटांनी चव बदलणं आपल्याला काय नवं? ‘तिच्या हाताला चव आहे’ असं आपण येताजाता म्हणतो. म्हणूनच हा विषय तुमच्यापुढे आणावासा वाटला. शिवाय दुसरं एक कारण आहे, आणि ते जरा गंभीर आहे. हीच छोटी जादू खरी आहे असं सांगून ती विकणारे लोक आपल्या आजूबाजूला आहेत. त्यांचं गिऱ्हाईक अनेकदा बाईच असते. आणि कधीकधी तर गिऱ्हाईक सोडा, आरोपीच्या पिंजऱ्यात तिलाच उभं केलं जातं. तेव्हा चव कशी बदलते, अन्न कसं बदलतं आणि अन्नातून काय बदलू शकत नाही, या तीन गोष्टी एकदा नीट वेगळ्या करून पाहू या.

जिभेला चकवणारी पानं-फळं

पहिली गोष्ट, पदार्थ जसाच्या तसा राहूनही चव बदलते. आवळा खाऊन पाणी प्यालं की ते गोड लागतं, हे आपण फ्रॉक घालायच्या वयात शिकलो. पाण्यात काही मिसळलेलं नसतं. आंबट-तुरट रसाला सरावलेल्या जिभेला त्यानंतरचं साधं पाणीच गोड भासतं.

याच्या नेमकी उलट करामत गुडमारची. ही वेल आपल्या कोकणातही आढळते, मधुनाशिनी असंही तिला म्हणतात. तिचं पान थोडा वेळ चावून टाकून द्यावं आणि मग चिमूटभर साखर तोंडात घ्यावी. वाळू चघळल्यासारखं वाटतं! पानातली द्रव्यं जिभेवरच्या गोडी ओळखणाऱ्या जागा काही काळ अडवून ठेवतात, म्हणून साखर असून नसल्यासारखी होते. पण इथे एक सांगून ठेवते. साखर जिभेला कळली नाही म्हणून ती रक्तात जायची थांबत नाही. घरात कुणाला मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर गुडमारची पूड स्वतःच्या मनाने सुरू करू नये, डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावं.

पश्चिम आफ्रिकेत एक लहानसं लाल फळ होतं, त्याला नावच ‘चमत्कारी फळ’ असं पडलं आहे. ते चघळल्यावर लिंबू खाल्लं तर मोसंबीसारखं गोड लागतं, आणि हा परिणाम अर्धा ते एक तास टिकतो. म्हणजे खेळातल्या मंत्राची ती तासाभराची मुदत काही अगदीच हवेतली नाही म्हणायची!

इतकं लांब तरी कशाला जा? दात घासल्या घासल्या संत्र्याचा रस प्या, कडू जहर लागेल. टूथपेस्टला फेस आणणारं द्रव्य गोडी दाबतं आणि कडवटपणा वर काढतं. आणि आपण स्वतः रोज काय करतो? शिऱ्यात, खिरीत कणभर मीठ घालतो. मिठाने कडवटपणा दबतो आणि गोडी खुलते. चिंचगुळाच्या आमटीत आंबट गोडाला आवरतं आणि गोड आंबटाला. हा मंत्र आपल्याला सासू-आयांनी शिकवला, फक्त कुणी त्याला मंत्र म्हटलं नाही.

जाता जाता एका गैरसमजाची वासलात लावते. आमटी खारट झाली तर बटाट्याच्या फोडी टाका, बटाटा मीठ ओढून घेतो, असं सांगतात. बटाटा मीठ घेतो खरा, पण ते पाण्यासकट. मागे उरलेली आमटी तेवढीच खारट राहते. त्यापेक्षा पाणी नाहीतर बिनमिठाचं वरण वाढवावं आणि थोडा गूळ-आमसूल घालून चव सावरावी. आमटी थोडी जास्त होईल, पण ताटात टाकली जाणार नाही.

नखातली साखर

आता बोटांकडे येऊ. १८७९ सालची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आयरा रेमसन यांच्या प्रयोगशाळेत कॉन्स्टंटिन फाल्बर्ग नावाचा रसायनशास्त्रज्ञ काम करीत होता. कोळशाच्या डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांचा तो अभ्यास करत होता. एके रात्री तो जेवायला बसला, तर हातातला पाव गोड लागायला लागला! बोटं चाटून पाहिली तर ती पावाहून गोड. स्वारी हात नीट न धुताच जेवायला बसली होती. धावत जाऊन त्याने प्रयोगशाळेतली भांडी चाखून पाहिली आणि त्यातून सॅकरीनचा शोध लागला. साखरेच्या तीनशे पटींहून जास्त गोड असं हे द्रव्य.

आता विचार करा, साखरेच्या तीनशे पट गोड पूड नखाच्या पेरात किती मावेल? भरपूर मावेल! बुवा तुमचा तळहात हातात घेतो, त्यावरून अंगठा फिरवतो, डोळे मिटून काहीतरी पुटपुटतो आणि म्हणतो, ‘चाट आता.’ तळहात गोड! तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवलं की पाण्याचं तीर्थ गोड! फाल्बर्गच्या पावाचीच ही आवृत्ती आहे. फरक एवढाच, की त्याने कारण शोधलं आणि बुवा ते लपवतो.

रंगाच्या जादूचंही तसंच. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग लालभडक होतो, हे कपडे धुणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. हळद अल्कलीने, म्हणजे साबण, चुना, सोडा अशा पदार्थांनी लाल होते. हेच पाणी बुवाने केलं की ते ‘करणीचं रक्त’ होतं. लिंबू कापल्यावर लाल रस निघाला, की कुणीतरी लिंबू मारलं असं सांगतात. सुरीला आधी जास्वंदीचं फूल चोळून ठेवलं तर तुमच्या-माझ्या घरचं लिंबूही तसंच लाल निघतं, कारण आंबट रसात जास्वंदीचा रंग लाल होतो. कोकमाच्या आगळाचा रंग तरी काय निराळा आहे? आंबट आहे तोवर लाल. त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून पाहा, फसफसेल आणि रंग काळपट निळ्याकडे जाईल. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. तिचे कार्यकर्ते असलेच प्रयोग गावोगावच्या शाळांमधून करून दाखवत आले आहेत.

गोड पाणी आणि गोडं पाणी

कधीकधी मात्र बुवा कुणी नसतो, हातचलाखीही नसते, तरी माणसं फसतात. १८ ऑगस्ट २००६ या दिवशी मुंबईत माहीमच्या समुद्राचं पाणी गोड झाल्याची आवई उठली. लोकांची रीघ लागली. बाटल्या भरभरून पाणी नेलं, जागच्या जागी प्यालं, लेकराबाळांना पाजलं. ज्या माहीमच्या खाडीत मिठी नदीतून शहराचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी येऊन मिळतं, त्याच खाडीचं हे पाणी! हे पिऊ नका म्हणून महापालिकेला लोकांची विनवणी करावी लागली. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा होतं तसं खारट झालं.

झालं काय होतं? ऐन पावसाळ्याचे दिवस. नदीचं, पावसाचं पाणी समुद्रात येतं, ते खाऱ्या पाण्याहून हलकं असतं, आणि लाटांनी ढवळलं गेलं नाही तर काही वेळ वरच्या थरात राहतं. आपल्या मराठीत त्याला ‘गोडं पाणी’ म्हणतात. गोडं म्हणजे खारं नसलेलं, साखर घातलेलं नव्हे. गोड आणि गोडं यांच्यात एका टिंबाचं अंतर, पण त्या टिंबात किती माणसं वाहून गेली बघा.

हे हलकं पाणी आपल्याला अनोळखी नाही. मालवणच्या समुद्रात शिवछत्रपतींनी बांधलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यावर तीन विहिरी आहेत. १९८१ पर्यंत हा किल्ला आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच होता. या विहिरींची नावं ऐका: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव! चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये दूध, दही, साखर. त्या काळच्या माणसांनी चवीला शोभेल असंच नाव दिलं. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि किनाऱ्यालगत ते खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. म्हणून तर समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या आपल्या कित्येक विहिरींना गोडं पाणी लागतं, आणि पंप लावून वारेमाप उपसा केला की तीच विहीर खारी होते.

आता दोन्ही पाण्यांची तुलना करा. जिभेला विहिरीचं पाणीही गोडं लागलं आणि माहीमचंही. पण एक पाणी माणसांनी पिढ्यान् पिढ्या राखलेलं, आणि दुसऱ्यात शहराची घाण. जिभेला एवढंच कळलं, की यात मीठ कमी आहे. रोगजंतू किती आहेत ते जिभेला कळत नाही.

चव बदलली, पण अन्न बदललं का?

आपल्या विषयातला हा सगळ्यात कामाचा मुद्दा आहे, आणि गंमत म्हणजे त्या खेळालाही तो माहीत आहे. अन्नाची चव बदलण्याचा मंत्र तिथे वेगळा आणि अन्नपाण्यातलं विष व रोग काढून टाकण्याचा मंत्र वेगळा. दुसरा मंत्र पहिल्यापेक्षा वरच्या पायरीचा मानला आहे. योग्यच आहे ते. चव बदलणं सोपं, अन्न बदलणं अवघड.

मासळीचं उदाहरण घ्या. बांगडा, सुरमई, कुपा या जातीचे मासे बर्फाशिवाय बराच वेळ राहिले, तर त्यांच्यात जंतूंमुळे हिस्टमीन नावाचं द्रव्य तयार होतं. वास थोडा उतरलेला वाटला तर आपण काय करतो? आगळ जरा जास्त, तिरफळं चार जास्त, मिरची तिखट. वास दबतो, कालवण झकास होतं. हिस्टमीन मात्र उकळूनही जात नाही आणि आगळानेही जात नाही. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होणं, अंगाला खाज सुटणं, डोकं दुखणं, छातीत धडधडणं असा त्रास होऊ शकतो. मग घरात चर्चा सुरू होते, ‘कुणाची नजर लागली जेवणाला?’ नजर नव्हे हो, बर्फ नव्हता! मासा घेतानाच गार आहे ना ते बघावं, घरी आणल्याबरोबर साफ करून फ्रीजमध्ये ठेवावा नाहीतर लगेच करावा, आणि शंका आली तर पैशाकडे न बघता टाकून द्यावा. श्वास लागला तर मीठमोहऱ्या ओवाळत न बसता दवाखाना गाठावा.

आंब्याच्या बाबतीतही तेच. गवतात घातलेली हापूसची अढी काही दिवसांनी घमघमते तेव्हा आंब्यातल्या पिठूळपणाची साखर झालेली असते आणि आंबटपणा उतरलेला असतो. फळातूनच निघणारा इथिलीन वायू हे काम करतो. हा अन्नाचा खरा बदल. कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्या ठेवून घाईने पिवळा केलेला आंबा वरून पिकल्यासारखा दिसतो, आत मात्र आंबट आणि पांचट. कार्बाइडच्या वायूबरोबर आर्सेनिक, फॉस्फरस असल्या विषारी द्रव्यांचा अंशही येऊ शकतो, म्हणून आपल्या देशात या कामासाठी त्यावर बंदी आहे. रंग पिवळाधमक पण वास नाही, असा आंबा दिसला तर तो सोडून पुढच्या पाटीकडे वळावं.

खरा बदल घडवणारे मंत्र आपल्या ओट्यावर रोजचे आहेत. कोमट दुधात चमचाभर विरजण घातलं की त्यातले जंतू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात आणि सकाळी दह्याची कवडी तयार. थंडीत त्यांचं काम मंदावतं, म्हणून पातेलं आपण डब्याशेजारी गुंडाळून ठेवतो. अळू आणि सुरण घसा खाजवतात, कारण त्यांच्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. चिंच किंवा आमसूल घालून आपण ते पुरेसं शिजवतो आणि खाजरं पान पंगतीतलं फदफदं होतं. इथे मंत्र नाही. वेळ लागतो, आच लागते आणि कशात काय घालायचं याची समज लागते. ‘हाताला चव’ म्हणतात ती हीच समज. ती जन्मजात देणगी आहे असं म्हणून आपण तिची किंमत उगाच कमी करतो.

माणूस बदलणारी पूड

आता तिसरी गोष्ट, आणि खरं तर हिच्यासाठीच हा सगळा प्रपंच. चव बदलते, अन्नही बदलतं. पण जेवणात काहीतरी कालवून माणूस बदलता येतो का?

येतो, असं सांगणाऱ्या जाहिराती तुम्ही एसटीच्या स्टँडवर, भिंतींवर, आता मोबाईलवरही पाहिल्या असतील. ‘नवऱ्याच्या नकळत जेवणात मिसळा, दारू सुटेल.’ ‘घरातली भांडणं बंद.’ ‘मन वळवण्याची खात्रीशीर पूड.’ ज्या घरात दारू शिरली आहे त्या घरातल्या बाईला हे वाक्य वाचून काय वाटत असेल, ते मी तुम्हाला सांगायला नको. मंगळसूत्राची वाटी मोडूनही ती ती पूड आणेल. तिला मूर्ख म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

पण त्या पुडीत काय आहे हे तिला कुणी सांगत नाही. नुसती राख असेल तर पैसे गेले एवढ्यावर भागेल. दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात त्यांपैकी डायसल्फिराम नावाचं एक औषध आहे. ते पोटात असताना माणूस दारू प्याला तर तोंड लाल होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो आणि एखाद्याच्या जिवावरही बेतू शकतं. म्हणून ते रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. नकळत तर कधीच द्यायचं नसतं. असं काही निनावी पुडीत असलं आणि तुमच्या हातच्या आमटीतून गेलं, तर विकणारा कधीच पसार झालेला असेल. दोष कुणाच्या हातावर येईल?

तेव्हा अशा बहिणीला पुडीऐवजी पत्ता द्या. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात विचारायला सांगा. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा असतात, आणि दारुड्याच्या घरच्या माणसांसाठी अल्-अनॉन हा वेगळा गट असतो. तिथे बायका बायकांशी बोलतात. दारू सोडायला महिने लागतात, काहींची पुन्हा सुरू होते, पुन्हा सोडावी लागते. कुठल्याही आमटीत घालून ते काम होत नाही.

हीच समजूत उलटी फिरली की तिचं काय होतं, तेही पाहा. लग्नानंतर मुलगा बायकोचं ऐकायला लागला, वेगळं बिऱ्हाड करायचं म्हणाला, की आळीत कुजबुज सुरू होते: ‘तिने काहीतरी खायला घातलंय.’ म्हशीचं दूध आटलं, घरात कुणी आजारी पडलं, की शेजारच्या एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे बोट. तिच्या घरचं पाणी पिऊ नका, तिने दिलेला लाडू मुलांना देऊ नका. गंमत म्हणून सुरू झालेलं हे बोलणं माणसाला वाळीत टाकण्यापर्यंत, मारहाणीपर्यंत जातं. दिवसातून तीनदा सगळ्या घराला वाढणारी बाई, आणि तिच्याच हातावर संशय!

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी त्यांनी अनेक वर्षं खस्ता खाल्ल्या, त्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. लोक त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतात. एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते, मंत्रतंत्राने गुरांचं दूध आटवते असं भासवून तिच्याबद्दल संशय निर्माण करणं, तिचं जगणं मुश्किल करणं, हा या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तक्रार आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात करता येते, आणि मारहाणीची वेळ आली तर ११२ क्रमांक फिरवावा. दूध आटवण्याचा मंत्र सरकारी कायद्यात लिहावा लागला, यावरून हे दुखणं किती खोल गेलं आहे ते कळतं.

आपण काय करू शकतो?

कायदा पोलीस ठाण्यात असतो, पण कुजबुज आपल्या ओट्यावर, हळदीकुंकवाला, नळावर असते. तिथे आपणच असतो. ‘तिने काहीतरी चारलंय’ असं कुणी म्हटलं, तर हसून सोडून न देता एवढंच विचारावं, ‘काय चारलं? कुठे मिळतं? मलाही आणून दे, आमच्या ह्यांना रोज वेळेवर घरी यायला लावायचंय!’ भांडण न करता विषय तिथेच संपतो. त्यानेही संपला नाही, तर कायद्याचं नाव घ्यायला मागेपुढे पाहू नये.

आणि मुलांना ही जादू घरीच करून दाखवा. येत्या रविवारी जेवणानंतर एक ताट मांडा. आवळा आणि पाण्याचा पेला. हळदीचं पाणी आणि त्यात साबणाचा थेंब. जास्वंदीचं फूल चोळलेली सुरी आणि लिंबू. आगळ आणि चिमूटभर सोडा. आधी बुवासारखे डोळे मिटून चांगलं पुटपुटा, मुलांना थोडं घाबरू द्या, मग कारण सांगा. मी वर्गात हे करते तेव्हा कारण सांगितल्यावर मुलांची मजा कमी होत नाही. उलट ‘बाई, आता मी करू?’ म्हणत सगळी पुढे येतात. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने लिंबू लाल केलं आहे, ते मूल मोठेपणी लाल लिंबाला घाबरणार नाही, आणि त्या लिंबावरून कुणा बाईकडे बोटही दाखवणार नाही.

ताट आवरताना मुलांकडूनच आवरून घ्या. हळदीचे हात मात्र आधी नीट धुवायला लावा, नाहीतर फाल्बर्गच्या पावासारखं व्हायचं!